प्लास्टर कोण काढणार?

गेल्या वर्षी मार्चमध्ये ओपीडी संपता संपता आमची एक इंटर्न माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात एक छापील अर्ज होता. इंटर्नशिप संपत आली होती आणि बंधपत्राची नेमणूक यायला अजून वेळ होता. तेवढ्यात आफ्रिकेतल्या एका देशात दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून जाऊन यायचं तिच्या मनात होतं. त्यासाठी तिला माझं शिफारसपत्र हवं होतं.

"मॅडम, तिकडं डॉक्टरच नाहीत हो. आणि तुम्हीसुद्धा नेपाळला गेला होतात ना?"

गेले होते. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. रात्री दोन वाजता उठवलं तरी कपाळाला आठी न घालता येणारी. खरं तर तिथल्या तिथं सही करायला हवी होती. पण मी म्हटलं, "सोमवारी ये." ती जरा हिरमुसून गेली. मला तो शनिवार-रविवार का लागला, ते आज सांगते. कारण असा अर्ज हातात घेतलेली आणखीही मुलं-मुली तुमच्या-माझ्या घरात आहेत. शिवाय दुसऱ्याच्या मदतीला धावून जाण्याची इच्छा काही डॉक्टरांचीच मक्तेदारी नाही.

दोनदा आलेला डॉक्टर

एमबीबीएस झाल्यावर माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. साल १९९३. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या केंद्रात येणारा प्रत्येक वयस्क माणूस त्याच विषयावर बोलायचा. कोयनेच्या खोऱ्यातल्या लोकांना भूकंप ऐकून नव्हे, सोसून माहीत होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसर हादरला होता. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, जखमी त्याच्या कितीतरी पट. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

आमच्या केंद्रात एक शिपाई होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. भूकंप झाला तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे. घराची भिंत आईच्या हातावर पडली होती. मी त्यांना विचारलं, "तेव्हा डॉक्टर आले होते का हो बाहेरून?"

"लई आलं की. जीपा भरून आलं. कोन कुठलं, आमाला काय ठावं? पर बाई, त्यातला एक डाक्टर दोनदा आला. पैल्यांदा आईचा हात बांधाय आन् दुसऱ्यांदा सोडाय."

मी हसले. तात्या हसले नाहीत.

"हसू नका. शेजारच्या म्हातारीचं प्लास्टर कुनी काढलंच न्हाई. तिच्या लेकानं शेवटी कोयत्यानं फोडलं. हात वाकडाच ऱ्हायला. भाकरी थापताना रोज रडायची."

मनगटाच्या मोडलेल्या हाडाला साधारण पाच-सहा आठवडे प्लास्टर लागतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या वाक्यातला दुसरा अर्थ मात्र मला तात्यांनी शिकवला. सहा आठवड्यांनी ते काढायला, हात हलवून बघायला आणि व्यायाम शिकवायला कुणीतरी तिथं असावं लागतं. 'दोनदा आलेला डॉक्टर' ही पदवी कुठलंच विद्यापीठ देत नाही. मला मात्र तेव्हापासून त्याहून मोठी पदवी दिसलेली नाही.

'सकिएपछि के गर्ने?'

आता नेपाळबद्दल. २५ एप्रिल २०१५ रोजी तिथं ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं मृत्युमुखी पडली. एका सेवाभावी गटाबरोबर रजा टाकून मी गेले. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळं निघणं सोपं होतं. निघताना घरचे, शेजारचे, वॉर्डातल्या सिस्टर सगळे कौतुकानं बघत होते आणि ते कौतुक मला आवडलंही होतं. खोटं कशाला सांगू?

आमची तुकडी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात पोचली. सर्वाधिक मृत्यू त्याच जिल्ह्यात झाले होते. आमच्या बॅगा टाके घालायचं सामान, प्लास्टरच्या पट्ट्या आणि सलाइन यांनी भरलेल्या होत्या. पण भूकंपाला आठवडा उलटून गेला होता. ढिगाऱ्याखालच्यांना बाहेर काढायचं काम पहिल्या एक-दोन दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच केलं होतं. जगात कुठंही भूकंप झाला तरी बहुतेक जीव असेच वाचतात. बाहेरचे डॉक्टर पोचेपर्यंत गंभीर जखमींचा निकाल, बरा किंवा वाईट, लागलेला असतो. मग आमच्या तंबूत कोण आलं? रक्तदाबाच्या गोळ्या ढिगाऱ्यात गेलेली म्हातारी माणसं, दम्याचे रुग्ण, दिवस भरत आलेल्या बाया, जुलाब होणारी मुलं. आणि झोप न येणारे तर सगळेच.

भाषेची गंमत अशी, की नेपाळी देवनागरीत लिहितात. पाट्या मी धडाधड वाचत होते, अर्थ मात्र अर्धामुर्धा लागत होता. 'कहाँ दुख्छ?' हे मात्र पहिल्याच दिवशी जिभेवर बसलं. आपल्या 'कुठं दुखतं?'ची ती सख्खी बहीणच. तिथं आईच्या वयाच्या बाईला 'आमा' म्हणतात. अशाच एका आमाचा रक्तदाब १९० वर ११० निघाला. घर गेलेलं, गोठा गेलेला, एक म्हैस उरलेली. मी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांच्या. रोज एक, सकाळी, हे बोटं दाखवून समजावलं. तिनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "औषधि सकिएपछि के गर्ने?"

आमच्यासोबत गावातले एक शिक्षक दुभाषी म्हणून होते. ते म्हणाले, "विचारते आहे, औषध संपल्यावर काय करू?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमची परतीची गाडी पाच दिवसांनी होती.

उत्तर दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी चालत आलं. साधारण चाळिशीची एक बाई तंबूत आली, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. नेपाळमध्ये १९८८ पासून गावोगावी महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका काम करतात. आपल्याकडं २००५ नंतर आशाताई आल्या, त्यांच्या या थोरल्या बहिणी म्हणा. वहीत गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव होतं. तिनं शांतपणे सांगितलं, की सरकारी स्वास्थ्य चौकीची इमारत पडली असली तरी तासाभराच्या वाटेवर ती तंबूत सुरू आहे. रक्तदाबाची गोळी तिथं मिळते. पण तुम्ही दिलेली नव्हे, दुसरी.

म्हणजे मी त्या आमाला असं औषध सुरू केलं होतं, जे पंधरा दिवसांनी बदलावं लागणार होतं. गावात आरोग्य केंद्र कुठं आहे, तिथं कोण आहे, त्यांच्याकडं कोणती औषधं आहेत, यातलं काहीच मी चार दिवसांत विचारलं नव्हतं. पाटणला माझ्या केंद्राच्या हद्दीत कुणी मला न विचारता शिबिर घेतलं, की माझा संताप व्हायचा. नेपाळमध्ये मी नेमकं तेच केलं होतं. चूक औषधाची नव्हती. मी आधी त्यांच्या दारात गेले नाही, ही चूक होती.

उरलेले दिवस आम्ही त्या स्वयंसेविकेच्या वहीप्रमाणे घरं फिरलो. रक्तदाबाच्या रुग्णांची यादी केली, गोळ्यांचा साठा चौकीच्या ताब्यात दिला आणि परतलो. १२ मे रोजी तिथं पुन्हा ७.३ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मी सांगलीत माझ्या पंख्याखालच्या खुर्चीवर होते. ती आमा आणि ती वहीवाली बाई मात्र तिथंच होत्या.

मिरजेत राहिलेला परदेशी

आपल्या भागाला परदेशी डॉक्टरांचं अप्रूप नाही. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. रोज हजारो लोक तिथून जातात, पण हे वानलेस कोण, असं विचारलं तर तरुण मुलांना सांगता येत नाही. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकून १८८९ मध्ये पत्नीसह सांगलीत आले. एका छोट्या दवाखान्यापासून सुरुवात झाली आणि १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. ते मिशनरी होते आणि धर्मप्रसार हा मिशनचा एक हेतू होता, हे लपवण्याचं कारण नाही. त्यावर मतभेद तेव्हाही होते, आजही असतील. पण डॉक्टर म्हणून त्यांनी काय केलं, ते वेगळं बघता येतं.

रुग्णालय उघडल्यावर तीनच वर्षांत, १८९७ मध्ये, त्यांनी इथल्याच मुलांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली. मोतीबिंदू काढणारा एक सर्जन गावात असला, तर तो गेला की डोळे पुन्हा मिटतात. सर्जनला मदत करणारे, भूल देणारे, जखमा बघणारे हात इथंच तयार झाले, तर काम चालू राहतं. वानलेस १९२८ मध्ये परत गेले, १९३३ मध्ये वारले. पण मिरज दवाखान्यांचं गाव राहिलं ते राहिलंच. आजही कर्नाटकातून लोक 'मिरजेला दाखवू या' म्हणत रेल्वेनं येतात. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथं निघालं, तेव्हा या गावाला रुग्णालय आणि शिक्षण या दोन्हींची सवय साठ-सत्तर वर्षांची होती.

वानलेस इथं एकोणचाळीस वर्षं होते. आमची नेपाळची फेरी दहा दिवसांची. तुलना करायची नाही म्हटलं तरी होतेच.

याच्या उलट दिशेनं गेलेला आपला माणूस म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतानं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून पुढच्या परीक्षेच्या तयारीत होते. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस थांबले. चिनी भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच एका परिचारिकेशी, ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ. यातला 'यिन' भारताचा, 'हुआ' चीनचा. ९ डिसेंबर १९४२ रोजी फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते.

आपण कोटणिसांची गोष्ट हौतात्म्याची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण मला त्यातला भाषा शिकण्याचा आणि शिकवण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. भाषा शिकणारा डॉक्टर मनाशी ठरवून बसलेला असतो, की मला या रुग्णाला पुन्हा भेटायचं आहे.

तीन शिबिरं, तीन पुड्या

चार वर्षांनी आम्हीच घेणाऱ्यांच्या बाजूला आलो. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं साडेसत्तावन्न फुटांवर. आमच्या स्टाफमधल्या कितीतरी जणांची घरं पाण्यात होती आणि ते ड्युटीवर होते.

पाणी ओसरलं आणि मदतीचा दुसरा पूर आला. पुण्या-मुंबईहून, परजिल्ह्यांतून, कुठून कुठून डॉक्टर आले, औषधांचे टेम्पो आले. त्या माणुसकीचं ऋण मोठं आहे आणि ते मी मान्य करते. पण एक प्रसंग सांगायलाच हवा.

नदीकाठच्या एका गावातले मामा, वय साठच्या पुढं, दहा वर्षांचा मधुमेह आणि सोबत रक्तदाब. पाय सुजलेले, उलट्या होत आहेत, लघवी कमी झाली आहे, म्हणून वॉर्डात आले. क्रिएटिनिन चारच्या वर. लेप्टोस्पायरोसिस असेल का, या शंकेनं तपासण्या पाठवल्या. एवढ्यात मामींनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. घरातला चिखल उपसून मामांची कंबर धरली होती. गावात एका आठवड्यात तीन शिबिरं झाली. मामा तिन्ही ठिकाणी गेले, कंबर दुखते म्हणाले आणि तिन्ही ठिकाणी त्यांना वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. नावं वेगवेगळी, औषध एकाच जातीचं. मामांनी तिन्ही पुड्या श्रद्धेनं खाल्ल्या. मधुमेहाच्या गोळ्या मात्र पाण्यात वाहून गेल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. धडधाकट माणसाला दोन-चार दिवसांत काही होत नाही. पण मधुमेह, रक्तदाब, वय आणि शरीरातलं पाणी कमी झालेलं, असं सगळं एकत्र आलं की मूत्रपिंड हात टेकतं. सुदैवानं गोळ्या बंद केल्यावर, सलाइन दिल्यावर मामा सावरले. त्या तीन डॉक्टरांपैकी एकाचीही चूक मोठी म्हणता येणार नाही. प्रत्येकानं समोरच्या कंबरदुखीला औषध दिलं. आधीच्या शिबिराची नोंद मामांच्या हातात कुणी दिली नव्हती, एवढंच.

त्याच पुरात आणखी एक तुकडी भेटली, तीही बाहेरगावची. त्यांनी गावात पोचण्याआधी नियंत्रण कक्षात नाव नोंदवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं काय कमी आहे?" कमी होती झोप. त्यांनी आठ दिवस रात्रपाळ्या सांभाळल्या, म्हणजे इथले डॉक्टर आणि सिस्टर घरी जाऊन आपापला चिखल काढू शकतील. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना लेप्टोचा धोका असतो. कुणाला आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन द्यायचं आणि गरोदर बायांना, लहान मुलांना का द्यायचं नाही, हे त्यांनी स्थानिक यादी हातात घेऊन, आशाताईंना विचारून केलं. त्यांचा एकही फोटो कुठं आला नाही. आमच्या सिस्टरना मात्र त्यांची नावं आजही पाठ आहेत.

आजाराचं कॅलेंडर

त्या शनिवार-रविवारी मी एक कागद घेतला आणि इंटर्नसाठी एक साधा तक्ता केला. प्रत्येक आजाराचं स्वतःचं एक कॅलेंडर असतं. टाके काढायचे सात ते दहा दिवसांनी. प्लास्टर सहा आठवड्यांनी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब काही आठवडे आणि मध्ये तपासण्या. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने, मध्येच सोडला तर औषधांना दाद न देणारा क्षय होण्याची भीती. मधुमेह आणि रक्तदाब, जन्मभर. आता या तक्त्याशेजारी आपल्या तिकिटाच्या तारखा मांडायच्या. तिकीट चौदा दिवसांचं असेल, तर चौदा दिवसांत पूर्ण होणारं काम कोणतं आणि पंधराव्या दिवशी ते कोणाच्या हाती जाणार?

याचा अर्थ थोड्या दिवसांसाठी जाऊच नये, असा नाही. अनुभवी सर्जन, भूलतज्ज्ञ हे कमी दिवसांत मोठं काम करून येतात, कारण त्यांच्या आधी आणि नंतर रुग्ण सांभाळणारी माणसं तिथं असतात. 'सीमाविरहित डॉक्टर' ही १९७१ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली संस्था शल्यतज्ज्ञांना थोड्या आठवड्यांसाठीही घेते. इतरांकडून मात्र बहुधा कित्येक महिन्यांची तयारी मागते. त्यामागं हेच गणित आहे.

मदतीच्या हातानं अपाय कसा होतो, याचं सर्वांत कटू उदाहरण हैतीचं. जानेवारी २०१० मध्ये तिथं भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, निदान शंभर वर्षांत ज्या देशानं पटकी पाहिली नव्हती तिथं पटकीची साथ आली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरचं मैलापाणी नदीत गेलं, त्यातून ती पसरली. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. ते सैनिक वाईट हेतूनं गेले नव्हते. पण चांगला हेतू संडासाच्या टाकीचं काम करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आपत्तीत परदेशी जाणाऱ्या वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष ठरवले. पथकातल्यांची नोंदणी आणि पात्रता तपासलेली असावी, रुग्णांच्या नोंदी ठेवून त्या तिथल्या यंत्रणेला द्याव्यात, राहण्या-खाण्याचा भार त्या देशावर टाकू नये. आपल्या आजीनंसुद्धा हेच सांगितलं असतं. दुखवट्याच्या घरी जेवायला बसायचं नसतं, डबा घेऊन जायचं असतं.

जाणाऱ्यांनी काय बघावं

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. आपल्या राज्याच्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी परदेशात आपोआप चालत नाही, त्या देशाची परवानगी लागते. ज्या संस्थेला तुमच्या नोंदणीची फिकीर नाही, तिला रुग्णाचीही नसण्याची शक्यता आहे. इथं जे काम करायची मुभा नाही ते तिथं करायला मिळतं, असं कुणी आमिष दाखवलं तर तो मोठा धोक्याचा इशारा समजावा. गरीब देशातला रुग्ण हा सरावाचा पुतळा नव्हे.

स्वतःची तयारीही हवी. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळं ही तयारी तिकिटाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस ठरलेल्या केंद्रात, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिथून परतताना प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या देशानुसार बदलतात. सुई टोचली, तर एचआयव्ही टाळण्याची औषधं लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती तिथं कुठं मिळतील, हे जायच्या आधी विचारावं. कोटणीस ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेत जंतुसंसर्ग होऊनच गेले. दूरदेशी मरण यायला बॉम्बच लागतो असं नाही.

आणि शेवटचा प्रश्न: तिथल्या कुणी तुम्हाला बोलावलं आहे का? संस्थेनं नव्हे, तिथल्या दवाखान्यानं, तिथल्या नर्सनं, तिथल्या वहीवाल्या बाईनं.

सोमवारी इंटर्न आली. मी शिफारसपत्र लिहून ठेवलं होतं, फक्त तारीख आणि कालावधी मोकळा सोडला होता. सोबत तो तक्ता दिला. तिनं तो वाचला, तात्यांची गोष्ट ऐकली आणि बराच वेळ गप्प बसली. "मग मी जाऊ नको का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "जा. पण परत कधी जाणार, ते ठरवून जा."

ती तेव्हा गेली नाही. पुढं तिची बंधपत्राची नेमणूक आली ती जत तालुक्यात. जत सांगली जिल्ह्यातच, पण पूर्वेकडच्या गावांत घराघरांत कन्नड. पहिल्या आठवड्यात तिचा रडवेला फोन आला, "मॅडम, मला काही कळत नाही. पेशंट बोलतात आणि मी नुसती मान हलवते." नंतरच्या फोनमध्ये उत्साह होता. पुस्तकातून शिकलेला 'नोवु' शब्द तिथल्या आज्जींना परका वाटतो, त्या दुखण्याला 'ब्यानी' म्हणतात, हा तिचा नवा शोध. एल्ली ब्यानी, कुठं दुखतं. मला सिंधुपाल्चोकचं 'कहाँ दुख्छ' आठवलं.

दिवाळीला घरी जाणार का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दोनच दिवस. एका मावशींचा टीबीचा कोर्स मीच सुरू केला होता. त्या आठवड्यात सहा महिने पूर्ण होतात. शेवटची थुंकी तपासायची राहिली आहे."

परदेशी जायचं तिनं सोडलेलं नाही. पासपोर्ट तयार आहे, हिपॅटायटिसचे तिन्ही डोस झाले आहेत. आता ती दोन आठवड्यांची नाही, नऊ महिन्यांची जागा शोधते आहे. कालावधी कळला, की माझ्या पत्रातली मोकळी जागा भरून द्यायची आहे.